राऊत काकांचं लांबणारं जेवण

राऊत काकांच्या गाडीत पुढच्या सीटवर पाव बसतो. लांब, कडक सालीचा फ्रेंच पाव, बेल्ट लावून. लिफ्ट मागितली तर आपण मागे बसायचं. "तो वाकला तर मोडते बाप्पा. तुम्ही वाकू शकता," असं ते शांतपणे समजावतात.

काका मूळचे नागपूरचे. इथे ओहायोतल्या डब्लिनमध्ये आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात, एकटेच. घटस्फोटाला बरीच वर्षं झाली, मुलगी सिअ‍ॅटलला असते. नोकरीत असताना कंपनीने त्यांना काही आठवडे फ्रान्समध्ये लिऑंला पाठवलं होतं. परत आले ते अर्धे फ्रेंच होऊन. अर्धेच, कारण भाषा काही आली नाही. जे चार शब्द येतात तेही ते सीताबर्डीच्या नागपुरी सुरात म्हणतात.

तेव्हापासून दरवर्षी फ्रान्सची वारी. पॅरिसला थांबतात ते फक्त ट्रेन बदलायला. आयफेल टॉवर पाहिला का, असं मी एकदा विचारलं. "दिसला होता," काका म्हणाले. "पण भूक लागली होती." त्यांचा फ्रान्सचा नकाशा वेगळाच आहे. दिजों म्हणजे मोहरी, नॉर्मंडी म्हणजे लोणी, आणि ब्रिटनी म्हणजे कुट्टूच्या पिठाचं धिरडं.

शनिवारी ते कुणाकुणाला जेवायला बोलावतात. स्वयंपाक उत्तम, पण जेवण संपत नाही. आधी कांद्याचं सूप, त्यावर वितळलेलं चीज. मग गप्पा. मग मुख्य पदार्थ. मग पुन्हा गप्पा, मग सॅलड, मग चीज, मग गोड, आणि आता निघावं म्हटलं की कॉफी. कुणी घड्याळाकडे पाहिलं की, "काहून घाई करून राह्यले?" आमची मुलगी आधीच विचारून ठेवते, "इज इट अ राऊत काका डिनर?" आणि हो म्हटलं की मैत्रिणीकडे स्लीपओव्हर ठरवते. बरेच जण आता काही ना काही कारण काढून कॅन्सल करतात. आम्हीही करायचो.

मग माझे बाबा पुण्याहून आमच्याकडे आले. आई नुकतीच गेली होती. बाबा दोन घास खायचे, ताट सरकवायचे आणि खिडकीशी जाऊन बसायचे. आईचा विषय निघाला की उठून खोलीत जायचे. माझ्या बायकोने, स्वातीने, त्यांच्या आवडीचं सगळं करून पाहिलं. शेवटी तीच म्हणाली, "राऊत काकांकडे नेऊ या. निदान चार तास टेबलापाशी तरी बसतील."

त्या दिवशी काकांनी रातातुई केली होती, म्हणजे वांगी, ढोबळी मिरची आणि टोमॅटो मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेले. बाबांनी एक घास घेतला आणि म्हणाले, "वांग्याला कूट नाही."

मी ओशाळलो. बाबा ताटाकडेच बघत होते. "ही असती तर म्हणाली असती, कुटाशिवाय वांगं म्हणजे पथ्याचं जेवण."

आई गेल्यापासून त्यांनी तिचं नाव काढलं ते तेव्हा पहिल्यांदा. काकांनी काटा खाली ठेवला आणि विचारलं, "वहिनी अजून काय म्हणाल्या असत्या, भाऊ?"

बाबा बोलायला लागले. सॅलडभर बोलले, चीजभर बोलले. काकांनी मध्ये एकदाही स्वतःचं फ्रान्स आणलं नाही. फक्त विचारत राहिले, आणि वाढत राहिले. बाबांनी ताट पुसून खाल्लं. मग काकांनी टीव्हीवर प्रवासाचे फोटो लावले. सगळे टेबलांचे. बाबांनी ते लक्ष देऊन पाहिले.

घरी परतताना मी म्हटलं, "माणूस चांगला आहे, पण जेवण फारच लांबवतो."

"सगळ्या फोटोंत समोरची खुर्ची रिकामी आहे," बाबा म्हणाले. थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाले, "ताट संपलं की माणसं उठतात, हे कळतं त्याला. म्हणून एकदम आणत नाही सगळं."

इतकी वर्षं त्यांच्याकडे जेवून मला हे सुचलं नव्हतं.

पुढच्या वेळी बोलावणं आलं तेव्हा आम्ही काही कारण काढलं नाही. सूपपासून कॉफीपर्यंत सगळं झालं. कप रिकामे झाल्यावर काका उठले. "थोडे अक्रोड आणतो. तिकडे शेवटी अक्रोडही देतात."

"काका, आता काही आणू नका," स्वाती म्हणाली.

काकांचा चेहरा उतरला. "बरं. निघता मग?"

"नाही. बसतोय आम्ही. तुम्ही पण बसा."

काका खुर्चीत टेकले. वाढायला काही उरलं नाही म्हटल्यावर हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. मग बाबांनी विचारलं, "राऊत, मुलगी काय करते हो तुमची?"

काकांनी नॅपकिनची घडी घातली, ती पुन्हा उलगडली, आणि सांगायला लागले.