डोंगराचा घास

जेवणाआधी कुणी देवाला नैवेद्य दाखवतं, कुणी गायीसाठी घास काढून ठेवतं. आमचे सोनवणे मामा भाकरीचा पहिला तुकडा कचऱ्याच्या डोंगरावर भिरकावायचे. "आधी त्याचं, मंग आपलं," असं म्हणायचे, आणि त्यानं तो गिळला की नाही हे बघितल्यासारखं जरा थांबून मगच डब्याला हात लावायचे.

डोंगर म्हणजे नाशिकबाहेरच्या डेपोतला. शहरानं वर्षानुवर्षं टाकलेलं उष्टं-खरकटं मातीखाली कुजतं, त्याचा गॅस होतो, तो पाइपांतून खाली येतो आणि एका धुराड्याच्या तोंडाशी जळतो. ती ज्योत तेवत ठेवणं हे मामांचं काम. मामा सांगतील तो नळ फिरवणं हे माझं. नववीत शाळा सोडलेली. परभणीकडून इतक्या लांब आलो तो ओझी उचलायच्या तयारीनं. इथं नुसते नळ फिरवायचे म्हटल्यावर मी इतका उपकृत झालो, की पहिले काही महिने डोंगराला नमस्कार करून आत शिरायचो. साहेब शिंकले तरी वाटायचं, आता मला काढतात.

मामा मूळचे सटाण्याकडचे. पाइपाला कान लावून डोंगराच्या पोटाची बातमी द्यायचे. "भाच्या, म्हाताऱ्याले करंज्या बाधल्या," हे दिवाळीनंतर. लग्नसराईत तो खूश असायचा म्हणे. मीही कान लावून बघायचो. मला फक्त माझ्याच छातीची धडधड ऐकू यायची.

मग शहरात ओला-सुका कचरा वेगळा घ्यायला लागले. घंटागाडीतला ओला कचरा नव्या प्लांटवर जायला लागला. तिथं बंद टाक्यांत त्याचा थेट गॅस करतात. आमच्याकडे उरल्या चिंध्या, थर्माकोल आणि फाटक्या चपला. सगळे खूश. वास उतरला, घारी आणि कुत्री दुसरीकडे गेली, डोंगराच्या पायथ्याशी झिरपणारं काळं पाणी कमी झालं, ट्रकांची चाकं रुतेनाशी झाली. मामांचा चेहरा मात्र सुतकी. "चिंध्या खाऊन कोनाले गॅस होतो का?" असं ते प्रत्येक ड्रायव्हरला विचारायचे. बिचारे ड्रायव्हर उगाच ओशाळायचे.

हळूहळू ज्योत बसकी झाली, मग फुरफुरायला लागली. साहेब आले आणि म्हणाले, ही टिकेनाशी झाली की इथली शेड बंद, मामांनी नव्या प्लांटवर जायचं. माझ्याबद्दल काही बोलले नाहीत. मी शेजारीच उभा होतो, पण त्यांनी माझ्याकडे पाइपाकडे बघावं तसं बघितलं.

झालं, माझी झोप उडाली. मी एरवी शेडच्या मागं जाऊन जेवायचो, कारण मेसच्या डब्यातली ती पाणचट डाळ मामांना दाखवायची लाज वाटे. दुसऱ्या दिवसापासून त्यातली अर्धी पोळी डोंगराला. तेवढ्यानं ज्योत उठेना, तेव्हा मेसमधलं उरलंसुरलं बादलीत घालून आणलं आणि गुपचूप डोंगरावर ओतायला लागलो. मामांनी पकडलं. मला वाटलं, पाठ थोपटतील. ते खालीच बसले आणि खोकला येईपर्यंत हसले.

"अरे येड्या, आज घातलं तं आज पेटतं का? हे जळतंय ते लोकांनी कैक वर्षांमागं टाकलेलं. जुनं संपत आलं, नवं येत नाय. तुझी बादली त्याच्या दाताले बी लागायची नाय."

मग तुमचा रोजचा घास कशाला, असं मी विचारलं. मामांनी कारण नसताना एक नळ बंद केला, पुन्हा उघडला.

"घरी मी एकलाच शे. एकट्यानं घास उतरत नाय. म्हणून याले बसवतो संगे."

यावर एखाद्या शहाण्या माणसानं काहीतरी केलं असतं. मी दुसऱ्या दिवशीही शेडच्या मागंच जेवलो.

एका सकाळी वारा सुटला आणि ज्योत गेली. पुन्हा पेटवली, पुन्हा गेली. मामांनी धुराड्याचा खालचा पत्रा गमछ्यानं पुसला, जणू पाहुणा उठून गेला होता. मी खोलीवर जाऊन पिशवी भरली आणि आईला फोनवर सांगितलं, सुट्टी मिळाली, येतोय. तिला इतका आनंद झाला, की खरं सांगायची सोयच राहिली नाही.

पण मामांनी परस्पर साहेबांना गाठलं होतं. आता डोळ्यांना नीट दिसत नाही, हा पोरगा नसला तर नळ सापडत नाहीत, असं सांगितलं. सुईत दोरा ओवणारा माणूस. साहेब म्हणाले, बरं, दोघं या.

नव्या प्लांटवर सगळं चकचकीत. जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन मागची बाजू शोधत फिरलो. मागची बाजूच नव्हती. शेवटी मामांसमोर बसलो. त्यांनी डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला आणि सवयीनं हात उचलला. समोर टाक्या, चारी बाजूंनी बंद. हात तसाच राहिला. मी मान खाली घालून डाळीकडे बघत बसलो.

तुकडा माझ्या डब्याच्या झाकणात आला.

"आधी त्याचं," मामा पुटपुटले, आणि जरा थांबले.

मी तो गिळला. मगच त्यांनी डब्याला हात लावला.