सही न करणारा राष्ट्रपती

बापूसाहेब खटावकर सायकल चालवत नसत, तिला फिरायला नेत. सायकल उत्तम होती. तेलपाणी वेळच्या वेळी, घंटी तर आमच्या गल्लीत सगळ्यांत खणखणीत. पण म्युनिसिपालिटीचा कर भरल्याचा पत्र्याचा बिल्ला तिला नव्हता, आणि तो मरेपर्यंत घ्यायचा नाही असा बापूसाहेबांचा बाणा होता. त्यामुळे इंदूरच्या लालबागच्या रस्त्यावर बिल्ले तपासणारा दिसला की शंभर पावलं आधीच ते खाली उतरत आणि हँडल धरून चालू लागत.

"बिल्ला किधर है, बाबूजी?"

"चला कौन रहा है, भिया? ये मेरे साथ पैदल निकली है. पैदल का भी बिल्ला लगता है क्या?"

तपासणारा हात जोडायचा. पुढच्या चौकात दुसरा उभा असायचाच. अशा रीतीने अन्नपूर्णेच्या देवळापासून निघालेले बापूसाहेब सगळा रस्ता पायी तुडवून घामाघूम घरी पोचत आणि वर सांगत, "सायकलवरून आलो."

मी त्यांचा शेजारी. सरकारी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो, आणि तेवढ्या एका गुन्ह्यासाठी बापूसाहेबांनी मला सहा वर्षं छळलं. मध्य प्रदेश नवा होता, राजधानी भोपाळला गेल्याचं दुःख इंदुरात अजून ताजं होतं आणि गल्लीतला प्रत्येक माणूस सरकारवर रागावलेला होता. पण बाकीच्यांना दुसरं सरकार हवं होतं. बापूसाहेबांना कुठलंच नको होतं.

"मास्तर, सरकार म्हणजे काय सांगू? एक खिडकी, आणि खिडकीमागचा माणूस जेवायला गेलेला. बस. इससे ज्यादा कुछ नहीं."

"मग रस्ते कोण बांधेल? देवीची लस कोण टोचेल?"

"ज्याला चालायचंय तो बांधेल."

हा वाद रोज संध्याकाळी म्युनिसिपालिटीच्याच दिव्याखाली व्हायचा. बोलणारे दोघं, एक सरकारी पगारावर, दुसरा होळकर सरकारच्या पेन्शनवर. त्या दिव्याला तोंड असतं तर तो हसला असता. बापूसाहेबांनी रेशनकार्ड काढलं नव्हतं. घरात गुळाचा चहा. त्यांच्या पत्नी माई आमच्या मागच्या दाराने वाटीभर रेशनची साखर नेत आणि तिचा शिरा करून घालत. तो खाऊन बापूसाहेब म्हणत, "बघा, खुल्या बाजारातली साखर कशी असते ते!" माई माझ्याकडे बघतसुद्धा नसत.

सुरुवातीला मी वाद घालायचो. मग नुसता 'हूं' म्हणायला लागलो. माणूस थकतो हो. दिवसभर चाळीस पोरांना राज्यघटना शिकवून आल्यावर ती एकेचाळिसाव्या म्हाताऱ्याला पुन्हा शिकवण्याचं त्राण कुणात असतं?

एका रविवारी ते ओट्यावर आले. "मास्तर, तुमच्या पुस्तकात राष्ट्रपतीचा धडा आहे ना? द्या जरा."

धडा त्यांनी मोठ्याने वाचला. "भारताचा नागरिक असावा. नाइलाजाने आहोत. पस्तीस वर्षं पूर्ण. केव्हाच झाली. वेडा नसावा."

"तिथंच अडतंय," माई आतून म्हणाल्या.

पण अडलं नाही. बापूसाहेब राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीला उभे राहणार होते. अपक्ष. मी विचारलं, "सरकारच नको म्हणता, मग सरकारच्या डोक्यावर बसायची हौस कशाला?"

"घरात शिरल्याशिवाय आतली कडी निघते का?"

"अहो, राष्ट्रपतीच्या हातात काय असतं? कायदे संसद करते."

"आणि त्यावर सही कोण करतं? धड्यातच आहे. मी सही करणार नाही. कशावरच नाही. कायदा येऊ द्या, हुकूम येऊ द्या, सगळे टेबलावर पडून राहतील. लोक बिलकुल सुखी होतील."

हा त्यांचा जाहीरनामा. एका वाक्याचा. मला तो ऐकून हसूही आलं नाही, इतका मी त्या काळात राजकारणाला विटलो होतो. एकजण सगळं देतो म्हणून मतं मागतो, दुसरा सगळं काढून घेतो म्हणून, आणि तिसरा हा, काहीच करणार नाही म्हणून. तिघांचंही पोरांना समजावून सांगायचं मीच.

तेव्हा या उमेदवारीला डिपॉझिट लागत नसे. मतं द्यायची आमदार-खासदारांनी आणि अर्जावर त्यांच्यातल्या दोघांच्या सह्या हव्यात, एक सुचवणाऱ्याची, एक अनुमोदकाची. पहिली सही आठवड्यात मिळाली. इंदुरातले एक आमदार, आमच्याकडे विधायक म्हणतात, मंत्रिपद हुकल्यामुळे आपल्याच पक्षावर जळत होते. त्यांनी दात-ओठ खात सही ठोकली आणि बापूसाहेबांचं नाव नंतर विचारलं. अपक्षाचं हे असंच असतं. त्याला मिळणारा पाठिंबा त्याच्यावरच्या प्रेमातून येत नाही, दुसऱ्या कुणावरच्या रागातून येतो. हे मी बोलूनही दाखवलं. बापूसाहेब म्हणाले, "राग तर राग. सही पक्की आहे ना?"

दुसरी मिळेना. कुणी टाळायचं, कुणी चहा पाजून वाटेला लावायचं. मुदत संपायला चार दिवस उरले तेव्हा कळलं, एक बाहेरगावचे विधायक इंदूरजवळच्या देपालपुरला लग्नाला येणार आहेत. ते ऐकलं आणि सबंध दिवस बापूसाहेबांनी सायकल बाहेर काढली नाही.

माई मागच्या दाराने आल्या, पण साखरेला नाही. "मास्टरजी, तुम्ही बरोबर जा. तिकडून बदली झाली, तेव्हापासून ते देपालपुरला एकदाही गेलेले नाहीत. पंचवीस वर्षं होतील आता."

मी रजा टाकली. एप्रिलचं ऊन, मोटारीत बकऱ्या आणि बाया, आणि माझ्या शेजारी भारताचे भावी राष्ट्रपती मांडीवर अर्ज घेऊन. देपालपुरला उतरलो तर विधायकजी वरातीत. "बैठो, अभी आते हैं," मांडवातल्या एकाने सांगितलं आणि आम्हाला रस्त्याकडेच्या खाटेवर बसवलं. समोर कडुनिंबाखाली एक पडकी दगडी खोली होती. कुणीतरी तिच्यात कडबा भरला होता.

"हा आमचा नाका," बापूसाहेब म्हणाले.

ते होळकरांच्या जकात खात्यात होते एवढंच मला माहीत होतं. इथे होते हे माहीत नव्हतं. तिकडे शिंदे सरकारची हद्द, इकडे होळकरांची, मधे हा नाका. नाकेदार एक आणि त्याच्या हाताखाली कारकून हे.

अर्धा तास गेला. मग माझ्याकडे न बघता ते सांगू लागले. पलीकडच्या गावातून एक बैलगाडी आली होती. गाडीत गाडीवानाची बायको, बाळंतपणाला अडलेली, इंदूरच्या दवाखान्यात निघालेली. तिच्याखाली कापसाने भरलेले दोन बोरे होते, धक्के बसू नयेत म्हणून. कापसावर जकात होती. पावती फाडायची, तिच्यावर नाकेदाराची सही हवी, आणि नाकेदार जेवायला घरी गेलेला.

"तो म्हणत होता, जावा दो बाबूजी. मी म्हटलं, साहेब येऊ दे. कापूस बिछान्याचा आहे हे मला दिसत होतं, मास्तर. पण कायद्यात बिछाना नव्हता. पावतीपुस्तक माझ्यासमोर, शाईत बुडवलेला टाक माझ्या हातात. सही मला काय येत नव्हती? पण अधिकार नव्हता."

"किती वेळ?"

"साहेब जेवून, पान खाऊन आले. त्यांनी सही केली. मी पावती घेऊन गाडीकडे गेलो, तर गाडीवान म्हणाला, आता घाई नाही."

वरातीचा बँड जवळ आला आणि दुसऱ्या गल्लीत वळला.

"त्याने मला शिवी दिली नाही. हात जोडले. म्हणाला, आपका क्या दोष, सरकार का कायदा है. साहेबांनीही तेच सांगितलं, वर पाठ थोपटली. माई तेच म्हणाली. तेव्हापासून जो भेटतो तो सरकारलाच दोष देतो. म्हणून म्हणतो, मास्तर, हे सरकार मधून उठलं पाहिजे. ते नसतं तर त्या नाक्यावर मी आणि तो, दोघंच होतो. मग दोष कुणाचा हे तरी साफ झालं असतं."

ती गाडी सरकारी दवाखान्याकडेच निघाली होती, आणि ज्या रस्त्याने निघाली तोही सरकारनेच बांधला होता, हे माझ्या ओठावर आलं. सहा वर्षांतलं माझं सगळ्यांत बिनतोड उत्तर होतं ते. मी ते गिळलं. असल्या वादात जिंकून करायचं काय? मला त्यांचं फार वाईट वाटत होतं, आणि माझ्या 'हूं हूं'ची शरम.

तेवढ्यात विधायकजी आले. फेटा तिरपा, अंगावर गुलाल, तोंडात विडा. "अरे, आप ही हैं क्या हमारे राष्ट्रपतिजी? लाओ भिया, लाओ!" लोक हसले. त्यांनी अर्ज वाचला नाही, शेजारच्याच्या पाठीवर ठेवला, दाखवलेल्या जागी फर्रकन सही ओढली, बापूसाहेबांचा खांदा दाबला आणि जेवायच्या पंगतीकडे गेले.

अर्ज पुरा झाला होता. खाली उमेदवाराची सही तेवढी राहिली होती. मी माझं पेन उघडून पुढे केलं. बापूसाहेबांनी ते घेतलं नाही. ते त्या ओल्या सहीकडे बघत होते.

"इतकाच वेळ लागतो, मास्तर?"

मी पेन तसंच उघडं धरून बसलो.

"इतकाच लागला असता," ते म्हणाले.

इंदूरची मोटार समोर येऊन थांबली. कंडक्टर ओरडत होता, बाया चढत होत्या. बापूसाहेब खाटेवरून उठेनात. मी पेन खिशात टाकलं, त्यांचा हात धरला आणि त्यांना उठवलं. मोटारीत त्यांनी अर्जाची घडी केली, घडीची पुन्हा घडी केली आणि ती माझ्याकडे दिली. दिल्लीला काही तो गेला नाही. माझा हात मात्र त्यांनी घरापर्यंत सोडला नाही, आणि मीही सोडवून घेतला नाही.