कुलूपबंद टाकीतले मासे

'इमारतीच्या पाण्याच्या टाकीस सदैव कुलूप असते व ती वेळोवेळी साफ केली जाते. तथापि सदर टाकीत मासे आढळले असून हे कृत्य सात नंबरच्या मुलांचे असल्याचे निष्पन्न झाले आहे. सबब शाळा सुरू होईपर्यंत सदर मुलांस गच्ची व आवार बंद. – सेक्रेटरी.'

हेंद्रेपाड्यातल्या इमारतीच्या जिन्याखाली, मीटरच्या पेट्यांशेजारी डकवलेली ही सूचना उन्नतीने भाजीची पिशवी खाली न ठेवताच दोनदा वाचली. उल्हासनगरच्या एका कॉलेजात ती तर्कशास्त्र शिकवीत असे. उन्हाळाभर तपासलेल्या उत्तरपत्रिकांतही एवढ्या थोडक्या जागेत एवढा गोंधळ तिला आढळला नव्हता. पहिले वाक्य खरे मानले तर दुसरे घडूच शकत नाही. दुसरे खरे मानले तर पहिले धादांत खोटे ठरते. आणि हे दोन जन्मजात वैरी एका बिचाऱ्या 'तथापि'च्या भरवशावर शेजारी बसवून सेक्रेटरी विष्णुपंत मोकळे झाले होते. शिवाय 'निष्पन्न झाले' म्हणजे कोणाला झाले? सात नंबरची मुले म्हणजे तिचीच दोन: नुकताच दुसरी पास झालेला सम्यक आणि बालवाडीतली मनाली. त्यांना एका शब्दाने कोणी विचारले नव्हते.

भाषेवरचा अत्याचार तिने सोसला असता. शेवटचे वाक्य मात्र सोसण्यासारखे नव्हते. शाळा उघडायला अजून अवकाश होता, घर दोन खोल्यांचे होते, आणि दुपारी वीज जाण्यात कधी खंड पडत नसे. गेल्याच आठवड्यात आवारात खड्डा खणलेला म्हणून मुले एक दिवस घरात राहिली होती. त्या एका दिवसात त्यांनी बंद पंख्याच्या प्रत्येक पात्याला एकेक चप्पल बांधली. वीज आली तेव्हा पहिली चप्पल आमटीत पडली आणि दुसरी उन्नतीच्या कपाळाला चाटून खिडकीबाहेर गेली. तपासायला घेतलेला शेवटचा गठ्ठा अजून तसाच होता. गच्ची बंद झाली, तर तो गठ्ठा, पंखा आणि तिची बुद्धी यांपैकी जूनअखेर काय शिल्लक राहील, हे सांगण्यास तर्कशास्त्र असमर्थ होते.

"अगं, सॉरी बोल आणि मिटव ना," अंबरनाथच्या कारखान्यात दुपारपाळीला निघालेला धर्मेश बूट चढवत म्हणाला. "पोरं आहेत. टाकलेही असतील."

"असतील? 'असतील'वर शिक्षा देतात का?"

"बरं बाई. माझी गाडी चुकेल." धर्मेशने ज्या चपळाईने जिना गाठला, तिला पळ काढणे हाच शब्द योग्य ठरेल.

संध्याकाळी आवारात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून सभा भरली. फिर्यादी होत्या तळमजल्यावरच्या विठामावशी.

"मंगलवारचा माजा उपास," त्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "न हंड्यान मासली! जिती! वलवलते! आता माजा उपास मोरला का र्‍हायला, सांगा ना कोनीतरी!"

"खाल्ली तर मोडला, मावशी," दुसऱ्या मजल्यावरचे दुकानदार मुकेशभाई म्हणाले. "खाल्ली का?"

"तुज्या तोंडाला हाड नाय, मुकेश!"

"शांतता!" विष्णुपंत म्हणाले. "मॅडम, तुमची मुलं दिवसभर गच्चीवर असतात. अख्ख्या बिल्डिंगला माहितीये."

"कबुतरंही असतात," उन्नती शांतपणे म्हणाली. "आणि मुलांना कोणी विचारलंच नाही. बरं, विष्णूकाका, टाकीच्या झाकणाला कुलूप असतं?"

"सदैव!"

"आणि किल्ली?"

"माझ्या जानव्याला." त्यांनी ती अभिमानाने वर करून दाखवली.

"मग मुलांनी झाकण उघडलं कसं?"

विष्णुपंतांनी आधी किल्लीकडे, मग जमावाकडे पाहिले.

"म्हणजे बघा," उन्नतीचा आवाज आता पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा झाला होता, "कुलूप होतं, तर मुलांनी मासे टाकणं अशक्य. नव्हतं, तर तुमची सूचना खोटी. या दोन्हींच्या मधून सुटायला तिसरी वाट नाही. याला उभयतःपाश म्हणतात."

"मॅडम का पॉइंट एकदम करेक्ट है," मुकेशभाई म्हणाले. "काका, खरं सांगा, टाकी शेवटची कधी साफ केली?"

"म्हणजे… वेळोवेळी…"

"कुठली वेळ?"

"कुलूप गंजलंय हो!" विष्णुपंत अखेर फुटले. "किल्ली फिरतच नाही. गेल्या दिवाळीपासून!"

त्यानंतर जे झाले त्याला सभा म्हणता येणार नाही. आपण दिवाळीपासून काय प्यायलो, हे प्रत्येकाला एकाच वेळी आठवले. विठामावशी उपास विसरून पोट धरून बसल्या. उन्नती मात्र शांत होती. तिने मागितल्या त्या दोनच गोष्टी: सूचना फाडावी, आणि कुलूप तोडून टाकी उद्याच पूर्ण उपसावी. दोन्ही टाळ्यांच्या गजरात मंजूर झाल्या. मनाली काय चालले आहे हे न समजता सर्वांत जोरात टाळ्या वाजवीत होती. विष्णुपंत मान खाली घालून जिन्याखालच्या सूचनेकडे गेले आणि त्यांनी कागदाचा कोपरा धरला.

"काका, थांबा!"

सम्यक खुर्च्यांमधून धावत पुढे आला. त्याचे डोळे भरले होते.

"टाकी उपसली तर ते मरतील ना?"

"कोण मरेल, बाळा?" विष्णुपंतांनी विचारले. त्यांच्या हातातला कागद हळूच पुन्हा भिंतीला चिकटला.

"सम्यक, घरी चल," उन्नती म्हणाली.

"नाही, बोलू द्या त्याला," विष्णुपंत म्हणाले. "त्याला कोणी विचारलंच नाही, असं तुम्हीच म्हणताय ना?"

सम्यकने बाहीने नाक पुसले आणि शाळेत कविता म्हणतात तसे हात मागे बांधून सांगितले,

"मासे मीच सोडले. कुलूप नाही उघडलं. ते बाजूला जास्तीचं पाणी पडायचा पाइप आहे ना, त्यातून सोडले, एकेक करून. चामटोलीच्या नदीतून वॉटरबॅगेत आणलेले. मी आईला आधी विचारलं होतं, टाकीत मासे सोडू का? आई पेपर तपासत होती. ती म्हणाली, मासे सोड, हत्ती सोड, काय सोडायचं ते सोड, पण मला सोड."