धागा ओढून बघा

लेकीची, कोमलची सुपारी फुटली आणि चहा यायच्या आत मारुतीभाऊंनी व्याह्यांनी दिलेल्या शर्टपीसच्या कडेचा एक धागा ओढला.

"आवं, काय करताय? पाव्हणे बघतायत!" सविताबाईंनी नवऱ्याला कोपराने ढोसलं.

"बघू देत की. त्यांनाही कळेल," म्हणत भाऊंनी तो धागा उजेडात धरला. लोणावळ्याच्या बाजारात, कापडाच्या दुकानात, त्यांची उभी हयात गेली होती. दुकान सुटलं, गिऱ्हाइकं सुटली, पण ज्ञान काही सुटलं नव्हतं. ते कुणाच्या तरी गळ्यात मारल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे.

"ऐका मंडळी. कापड दोन तऱ्हेचं. एक म्हणजे सूत आधी रंगवायचं आणि मग विणायचं. दुसरं म्हणजे पांढरं विणायचं आणि मग अख्खं थान, म्हणजे सगळा तागा, रंगाच्या हौदात बुचकळायचं. विणीत चौकडे, पट्टे असले तर सूत आधी रंगवलेलं असणारच, तिथं प्रश्न नाही. खरी मेख एकरंगी कापडात. तिथं धागा ओढून बघायचं. जिथं तो दुसऱ्या धाग्याखाली दबलेला असतो तिथं फिकट ठिपके दिसले, तर समजायचं थान बुचकळलंय, रंग कच्चा. हे बघा, एक ठिपका नाही! आबा, सुतातून रंगवलेलं दिलंत. मानलं!"

व्याही अमृतआबा आंदर मावळातले. आपण एवढं भारी काही विकत घेतलंय हे त्यांनाही आत्ताच कळत होतं. त्यांनी भाऊंकडून मिळालेला जांभळा शर्टपीस मांडीवर घेतला. "आन् ह्ये वं, पाव्हणं?"

"त्याला धागा ओढायची गरज नाही. माझी बोटंच सांगतात. सुतातूनच."

"मंग झ्याक! लग्नात मी ह्याचा सदरा घालनार, तुमी माज्या कापडाचा. ज्यानं घातला न्हाई त्यानं सोयरीक मानली न्हाई."

पाहुणे हसले. भाऊ हसले नाहीत. फेटा फिका बांधला म्हणून पुतणीच्या लग्नात हेच आबा भरल्या पंगतीतून उठून थेट घरी गेले होते, हे अख्ख्या मावळाला माहीत होतं. कोमलला आबांचा ओंकार मनापासून आवडला होता. भाऊंनी आबांनी दिलेला तो शेवाळी शर्टपीस पोटाशी धरला.

पण नात्यागोत्यात बातमी पसरली की कुसगावच्या मारुतीला सुतातून रंगवलेलं कापड मिळालंय. बघायला माणसं येऊ लागली. आधी मेहुणे आले. "खरंच ठिपके नाहीत?" म्हणत त्यांनी एक धागा ओढला. एका धाग्यावर विश्वास ठेवायचा कसा, म्हणून मूठभर ओढले. कड उसवली. सविताबाईंना उसवलेली कड बघवत नसे. त्यांनी कात्री घेऊन चार बोटांची पट्टी कापली आणि कड सरळ केली.

मग शेजारीण आली. मग भजनी मंडळ आलं आणि त्यांनी टाळ खाली ठेवून धागे ओढले. नको म्हणायला भाऊंची जीभ रेटत नव्हती, कारण आजवर 'ओढा, ओढा, घाबरता काय!' असं तेच लोकांना सांगत आले होते. उलट कुणी चष्मा विसरला असेल तर ते स्वतःचा द्यायचे. पाहुणे गेले की सविताबाई कात्री घ्यायच्या.

लग्न आठवड्यावर आलं तेव्हा भाऊ कापड घेऊन प्रितम टेलरकडे गेले. प्रितमने ते टेबलावर पसरलं, टेप लावला आणि टेप परत गळ्यात टाकला.

"काका, उरलेलं कापड कुठंय?"

"हेच आहे."

"ह्यात शर्ट बसत नाही."

"हाफ बाही कर."

"बाहीचं सोडा. बाही ठेवली तर पोट उघडं पडतंय."

"दुसरं असंच आणून दिलं तर?"

"असा शेवाळी रंग कुठं मिळाला तर आणा की!"

भाऊंनी लोणावळा पालथा घातला. पोपटी मिळाला, पोलिसी खाकी मिळाला, शेवाळी मिळाला नाही. शेवटी प्रितमनेच तोड काढली. "कॉलर, पुढची बाजू आणि खिसा, एवढं बसवतो. पाठ नाही. मागून दोन नाड्या देतो. कफ सुटे देतो, मनगटाला हूक लावा. वरून कोट घाला. कोट काढलात तर मी जबाबदार नाही!"

लग्न भर मेमध्ये. कार्यालयातली वीज गेलेली. भाऊ काळा कोट घालून दारात उभे राहिले आणि घामाने निथळू लागले. वऱ्हाड आलं. अमृतआबासुद्धा कोटात होते. कोटातून जांभळी कॉलर दिसत होती.

व्याहीभेटीची वेळ आली. गळाभेट झाल्याशिवाय वऱ्हाड मांडवात जाणार नव्हतं. तेवढ्यात वऱ्हाडातून कुणीतरी ओरडलं, "कोट काढून भेटा की! आहेराचं सदरं दिसू द्या!"

"काढा, काढा!" सगळ्यांनी री ओढली.

भाऊंनी कोटाची बटणं घट्ट धरली. आता संपलं. आबा बघणार, मागे फिरणार आणि कोमल आयुष्यभर बापाचं तोंड बघणार नाही. देवा, कशाला ती धाग्याची अवदसा आठवली मला!

"आबा, तुम्ही मोठे. आधी तुम्ही काढा," भाऊ कसंबसं म्हणाले.

"छ्या, छ्या! मुलीचं बाप तुमी. आदी तुमी."

"मान तुमचा."

"मी मान सोडला!" आबा घाईघाईने म्हणाले.

मान सोडणारे आबा आजवर कुणी पाहिले नव्हते. वऱ्हाड चक्रावलं. "आसू द्या वो कोट! म्हूर्त चाललाय!" आबांच्या कारभारीण कस्तुराबाई मागून कळवळून ओरडल्या. ती संधी साधून भाऊंनी पुढे झेप घेतली आणि आबांना कडकडून मिठी मारली. मिठीत भाऊंचे हात आबांच्या कोटाखाली गेले, आबांचे भाऊंच्या.

दोघेही एकदम थिजले.

"पाव्हणं," आबा कानात कुजबुजले, "तुमची पाठ कुटं हाय?"

"तुमची कुठंय?"

"गावानं वडली. सुपारीत तुमीच शिकावलंत न्हवं? घरी पोचलो न्हाई तवर भावकी धागं वडाया बसली. आमची कारभारीन उसवल्यालं कापत ऱ्हायली. नाड्यांवर उबा हाय मी!"

भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका जवळचा माणूस त्यांना जन्मात भेटला नव्हता. "मीही नाड्यांवरच आहे, आबा."

"मंग सोडू नका. फोटू हून जाऊ द्या."

फोटो झाला. लोक म्हणाले, सोयरे असावेत तर असे, सुटता सुटत नाहीत! कोमल दारातून डोळे पुसत होती. भाऊंनी सुटकेचा निःश्वास टाकत हात मागे घेतले आणि तळव्यांकडे पाहिलं. दोन्ही तळवे जांभळे झाले होते. त्यांनी वर बघितलं. आबांच्या कॉलरखालून घामाचे जांभळे ओघळ गळ्यावरून खाली चालले होते.

भाऊंनी हात पटकन खिशात घातले. जन्मात पहिल्यांदाच त्यांना कापडाविषयी काही बोलायचं नव्हतं.

"भावकीत लय वाद झाला," आबा हळूच म्हणाले. "कुनी म्हनं धाग्यावर ठिपकं हायती, कुनी म्हनं न्हाईती. तुमी जानकार. रंग पक्का हाय न्हवं?"

"पक्का," भाऊ खाली बघून म्हणाले.

आबांनी गळ्यावरून बोट फिरवलं, ते जांभळं बोट नीट निरखलं आणि भाऊंच्या खांद्यावर हात टाकून त्यांना मांडवाकडे नेलं.

"व्हय," ते म्हणाले. "माज्या अंगावर तर लयच पक्का बसलाय."