एका घरात तीन सॉकेट

ज्या माणसाला समोरासमोर बोलता येत नाही, त्याने निदान फोनवर तरी नाही म्हणायला शिकावं. मी शिकले नाही, म्हणून पुढचं सगळं घडलं.

माझे बाबा घरोघरी टेलिफोनच्या वायरी टाकतात आणि भिंतीवर सॉकेट बसवतात. (सॉकेट म्हणजे ती चौकोनी डबी. वायरीच्या टोकाची क्लिप त्यात टक् करून बसली की फोन सुरू.) गिऱ्हाइकांचे फोन एरवी आई घेते. पण मावशीला बाळ झालं, आई तिकडे गेली आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. घरी पाहुणे आले की माझी दातखीळ बसते. फोनवर मात्र समोरचा दिसत नाही, त्यामुळे मी बऱ्यापैकी बोलते. फक्त 'नाही' हा शब्द तोंडातून फुटत नाही.

शाळेतून येऊन दप्तर टेकवलं, तोच एका काकांचा ऑफिसातून फोन आला.

"आमचा फोन कपाटामागे अडकलाय. सॉकेट हॉलमध्ये माझ्या खुर्चीजवळ बसवायचंय. जमेल?"

"हो."

मग त्याच पत्त्यावरून काकू. "आमच्या ह्यांचा फोन आला असेल ना? ऐकू नकोस त्यांचं. सॉकेट स्वयंपाकघरात हवंय, ओट्याजवळ."

"हो."

मग त्याच घरातून आणखी एक आवाज, अगदी दबका. काकांची आई. "बाळ, ते सॉकेट माझ्या पलंगाजवळ बसवता येईल का गं? माझी बहीण रोज दुपारी फोन करते. मी भिंत धरत धरत पोचेपर्यंत घंटी थांबते. उलट फोन लावायला आकडे दिसत नाहीत. मग रिसीव्हर उचलून उगाच हॅलो म्हणते आणि परत येते."

इथे तर नाही म्हणायला दगडाचं काळीज लागलं असतं.

आता सॉकेट एक आणि वचनं तीन. बाबांना खरं सांगितलं असतं, तर "त्यांना फोन कर आणि आधी घरात ठरवा म्हणावं," असं ते म्हणाले असते. म्हणजे नाहीचंच धाकटं भावंड! म्हणून मी सोपा मार्ग काढला.

"बाबा, त्या घरी तीन सॉकेट हवीत."

बाबा खूश. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिन्ही बसवली आणि तपासायला आपले दोन फोन स्वयंपाकघरात आणि आजींच्या खोलीत लावून ठेवले. काकूंना वाटलं, बाकीची दोन ह्यांनी सांगितली असतील. आजींनी काही विचारलंच नाही. आणि संध्याकाळी काका ऑफिसातून घरी आले.

"बाबा आहेत का?" त्यांच्या फोनवरच्या आवाजाने माझा कान गार पडला. बाबांनी हत्यारांची पिशवी उचलली आणि मलाही उचललं. म्हणजे जवळजवळ.

"मी एक सांगितलं होतं," काका त्यांच्या हॉलमध्ये येरझाऱ्या घालत म्हणाले. "हे घर आहे की टेलिफोन एक्स्चेंज?"

"स्वयंपाकघरातलं राहू दे," काकू म्हणाल्या.

"बरं. मग आईच्या खोलीतलं काढून टाका. आईला कोण फोन करतंय?"

कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेल्या आजींनी साडीची निरी सारखी केली. "काढा की. मला काय करायचंय."

"तीन कोणी सांगितली होती गं?" बाबांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडलं. काही आलं नाही. मिटलं. पुन्हा उघडलं. (पाण्याबाहेरचा मासासुद्धा यापेक्षा जास्त बोलतो.)

बाबांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला. "काढायच्या आधी लाइन तपासतो. तू आजींच्या खोलीत जाऊन बोल. साहेब, तुम्ही इथे ऐका." (त्यांना खरंच लाइन तपासायची होती का, हे मी अजून विचारलेलं नाही.)

आत जाऊन मी रिसीव्हर उचलला आणि एक आकडा दाबला. रिसीव्हरमधली गुणगुण थांबली.

"हॅलो."

"येतंय ऐकू," काका म्हणाले.

"मलाही येतंय!" स्वयंपाकघरातून काकू. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

समोर एकही चेहरा नव्हता. माझी जीभ सुटली.

"काका, चूक माझी आहे, बाबांची नाही. तुम्ही एक सांगितलं, काकूंनी एक, आजींनी एक. मला नाही म्हणता आलं नाही. पण काढायचीच असतील तर तुमची दोन काढा, तुम्हाला चालता येतं. आजींची बहीण रोज फोन करते. आजी पोचेपर्यंत घंटी थांबते. मग त्या बंद फोनला हॅलो म्हणून परत जातात."

 मग काकांचा आवाज आला, पण माझ्यासाठी नव्हता.

"आई, मला का नाही सांगितलंस?"

"तू ऑफिसात असतोस रे," आजी लांबून म्हणाल्या. "आणि घरी असलास की पेपरात असतोस."

 मग काका बाबांना म्हणाले, "राहू देत तिन्ही. आणि आईचा तो फोनही तिथेच राहू दे. मी विकत घेतो."

 मी रिसीव्हर उशीवर टाकला आणि आरशासमोर उभी राहिले. हीच का ती मुलगी?

"वा गं वा!" मी तिला म्हटलं. "वकीलच व्हायला हवंस तू. काय बोललीस! काकांची तर बोलतीच बंद!" मी टाळ्या वाजवल्या. मग भरलेल्या सभागृहाला कमरेत वाकून अभिवादन केलं. सभागृह भरलेलं होतं, पण खोली अरुंद होती. शेजारच्या कपाटाचा कोपरा धाडकन कपाळावर बसला.

"आई गं!"

उशीवरून काकूंचा आवाज आला.

"वकीलबाई, बर्फ आणू का?"