सव्वासहाची खरखर

त्या रविवारी सकाळी आम्ही दोघं मेथी निवडत होतो. म्हणजे निवडत सिंधू होती, मी तिचा रेडिओ धरून बसलो होतो. तो टेबलावर ठेवलेला तिला चालत नसे.

"त्याचं तोंड जरा म्हसरुळकडं करा," ती म्हणाली. मी केलं. लागलं होतं ते गाणं गेलं आणि नुसती खरखर सुरू झाली. "आता बरं हाय." जरा कान देऊन म्हणाली, "वरच्या जाधवांची ट्यूब जायला आली. चोक रडतोय."

"अगं, लोक गाणी ऐकायला रेडिओ घेतात."

"घेऊ द्या की."

दुपारी तिच्या छातीत कळ आली. दिवस मावळायच्या आत आम्ही तिला अमरधामला अग्नी देऊन परतसुद्धा आलो होतो. मूलबाळ आम्हाला नाही. म्हणून तिच्याबद्दल लिहायचं तर मलाच लिहिलं पाहिजे, आणि मला काही लिहिता येत नाही. जसं येईल तसं घ्या.

सिंधूचं माहेर हरसूलच्या बाजूला, डोंगरात. तिची शाळा दुसरीत सुटली, माझी सातवीत, म्हणून घरात शिकलेला मी. लग्न झाल्यावर तिनं माझ्याकडं एकच वस्तू मागितली, ती हा रेडिओ. द्वारका चौकातल्या एका दुकानातून जुना आणला, कातडी पिशवीतला. काटा ती स्टेशनाच्या जरासा अलीकडं ठेवायची. तिथं गाणं धड लागत नाही, पण बिल्डिंगीत कुणी काही चालू केलं की रेडिओ चुगली करतो. मिक्सर लावला की खरखरतो, ट्यूब लागताना टकटक करतो, पंप सुरू झाला की एकदाच ठसकतो.

"जाधवीण आज उशिरा उठली," ती सांगायची. "पंप बंद करायचं कुणाच्या ध्यानात नाय, टाकी वाहील बघा." वाहायची. सगळी बिल्डिंग तिला रेडिओबाई म्हणायची. मीही हसायचो. आता सांगून टाकतो, सगळ्यात जास्त मीच हसायचो.

मी अंबडला एका कारखान्यात वायरमन. नव्वदीच्या शेवटाला तिथं भट्टीचा पट्टा फिरवणाऱ्या मोटरीला नवा ड्राइव्ह बसवला. ड्राइव्ह म्हणजे मोटर हवी तशी हळू-जोरात पळवणारा डबा. तो आला आणि भट्टीची उष्णता दाखवणारं मीटर नाचायला लागलं. आठशेचं आठशे चाळीस, लगेच सातशे नव्वद. मोटर बंद केली की गरीब गाईसारखं उभं. मीटर खोटं बोलेल तशी भट्टी वागायची, माल करपायला लागला. साहेबांनी मीटर बदललं. मग भट्टीतला सेन्सर बदलला. मग माणूस बदलायचं बोलायला लागले. माणूस म्हणजे मी, कारण वायरी मी ओढल्या होत्या.

घरी जेवता जेवता बोललो. सिंधूनं भाकरी थापायची थांबवली नाही.

"मोटर सुरू झाली का बिघडतं ना? मंग मीटरला काय बोल लावता? त्याला ऐकू येतंय, म्हणून ते नाचतंय. माझा रेडिओ घिऊन जा."

डब्याच्या पिशवीतून नेला. गेटवरच सुरुवात झाली, "काय तात्या, मॅच हाय का आज?" मी सरळ आत गेलो. छताजवळून वायरी नेणाऱ्या केबलच्या ट्रेखालून रेडिओ कानाशी धरून चालत गेलो. ड्राइव्हपाशी तो किंचाळला, ते तर किंचाळणारच. पण पुढं पंचवीस-तीस फूट किंचाळतच राहिला. वर बघतो तर मोटरीच्या जाड केबलला चिकटून मीटरची बारीक वायर झोपलेली. मीच झोपवली होती. वेगळा पाइप टाकायचा कंटाळा केला, दुसरं काही नाही.

शिडी लावली, बारीक वायर ट्रेमधून काढून दोरीनं लांब टांगली. आकड्याचं नाचणं निम्मं कमी झालं. उरलेलं निम्मं माझ्या दुसऱ्या शहाणपणाचं. त्या वायरीवरची खरखर अडवणारी जाळी मी दोन्ही टोकांना अर्थ केली होती, म्हणजे जमिनीला जोडली होती, एकापेक्षा दोन बरे म्हणून. भट्टीकडचं टोक सोडलं. आकडा आठशेवर बसला तो हललाच नाही. साहेब म्हणाले, "हे कुठं शिकलास?" मी म्हणालो, "घरी." त्यांना ते उद्धट वाटलं.

यश माणसाला चढतं. मी बिल्डिंगीतली खरखर मारायला निघालो. सगळ्यात मोठी खरखर तळमजल्यावरच्या देवरे बाईंची. रिटायर मास्तरीण, एकटी, तोंडात दात नाही. रोज सव्वासहाला दूध-भाकरी मिक्सरमधून फिरवून घ्यायच्या. मिक्सर जुना, आतले कार्बन झिजलेले, ठिणग्या पडायच्या. मी नवे कार्बन घातले, वर ठिणगीची खरखर गिळणारा एक छोटा कंडेन्सर जोडला. बाई खूश. सिंधूला काही बोललो नाही. म्हटलं, उद्या साफ गाणी ऐकेल आणि चकित होईल.

सकाळी सव्वासहा झाले. रेडिओत काही नाही. सिंधू अनवाणी दोन जिने उतरून धावली. मी मागं. ती दार बडवतेय, "बाई! अहो बाई!"

बाईंनी दार उघडलं, ओठाला दूध-भाकरी लागलेली. "काय गं? भूकंप झाला का?"

सिंधू माझ्याकडं वळली. "मिक्सरला हात कुणी लावला?"

"मी. तुला गाणी ऐकू यावीत म्हणून."

"गाणी कुणाला पायजेत!" आणि तिथंच पायरीवर बसली. दम लागला होता. "आमच्याकडं घरं लांब लांब. सकाळी आय दारात उभी राहून समोरच्या डोंगरावरचे धूर बघायची. एखाद्या घरातून धूर नाय निघाला तं हातातलं टाकून तिकडं जायची. हितं कुणाच्या घरातून धूर निघतो? सगळ्यांकडं गॅस. मंग मी काय बघू?"

मी जुने कार्बन कचऱ्याच्या डब्यातून शोधून परत घातले. कंडेन्सर काढला. चांगलं झालेलं मशीन मुद्दाम बिघडवायची माझी ती एकच वेळ.

ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी साडेपाचलाच उठलो. मेव्हणा हरसूलहून आला होता, तो सतरंजीवर झोपलेला. रेडिओ खिडकीत होता, काटा तिनं ठेवला होता तिथंच. चालू केला तर खरखर नाही. कुणी बाई बातम्या सांगत होती, शब्दन् शब्द कळत होता. ट्यूब नाही, पंप नाही. पंचवीस वर्षांत त्या रेडिओतून इतकं साफ ऐकलं नव्हतं.

सव्वासहा झाले. वीस झाले. साडेसहा झाले. चप्पल न घालता उतरलो, दार वाजवलं. "बाई! अहो देवरे बाई!"

कडी निघाली. बाई दिवा न लावता बसल्या होत्या.

"तात्या? तुम्ही कशाला खाली आलात?"

"मिक्सर का नाही लावला?"

"अहो, तुमच्याकडं असं झालेलं. बिल्डिंगीत कुणीच काही लावलं नाही. तुम्हाला आवाज नको म्हणून."

"खाल्लं काही?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"लावा," मी म्हणालो. "सगळ्यांना सांगा, लावा म्हणून. पण आधी मला वर जाऊ द्या."

वर आलो, रेडिओ हातात घेतला, तोंड म्हसरुळकडं केलं आणि धरून बसलो. थोड्या वेळानं बातम्यांतली बाई मिक्सरच्या खरखरीत बुडाली. मग जाधवांचा चोक रडायला लागला.

"देवरे बाई आज पंचवीस मिनिटं उशिरा," मी मेथीच्या टोपलीकडं बघून म्हणालो.