फेसाची उंची

तिहोमीर उस्तादांचे तोंड आले असल्याची बाब आमच्या ग्राहक-सुरक्षा कार्यालयात सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता रीतसर नोंदवण्यात आली. नोंद मीच केली. खालच्या ओठाच्या आतून फोड तीन, पैकी मोठा एक.

दक्षिण सर्बियातल्या आमच्या गावात नवरी घराबाहेर पाऊल टाकते ती ट्रम्पेटच्या पहिल्या सुरावर. तीस वर्षे तो सूर उस्तादांनीच लावला. तेरा दिवसांनी निघणारी नवरी मात्र त्यांची स्वतःची लेक, नेवेना होती.

"दातांचे डॉक्टर म्हणाले, टूथपेस्टमध्ये फेसासाठी जे घालतात ते बहुतेकांना सोसतं, तुझ्या तोंडाला सोसत नाहीये," उस्ताद ओठ सांभाळत बोलले. "बिनफेसाची वापर म्हणाले. ती औषधाच्या दुकानात येऊन पडलीय. तुम्ही अडवलीय."

"अडवलेली नाही, प्रलंबित आहे," आमच्या प्रमुख रादमिलाबाईंनी चष्म्यावरून पाहिले. "सातवा रकाना, फेसाची उंची. दुकानदारानं शून्य लिहिलंय. शून्य ही काय उंची झाली?"

"आणि फेसवाली बरी चालते तुम्हाला!"

"ती धुऊन टाकायची वस्तू आहे, उस्ताद. दोन मिनिटं तोंडात राहते. तुम्ही किती वेळ घासता?"

"तीन मिनिटं."

"मग! अतिवापर." मी तसे लिहून घेतले.

नुसत्या पाण्याने घासून पाहा, असे मी माणुसकीच्या नात्याने सुचवले.

"पाहिलं ना! बायको म्हणाली, फेस नाही म्हणजे घासलेच नाहीत. आधी घरच्या राकियानं चूळ भरायला लावली, मग पेस्ट घेऊन समोर उभी राहिली." ती दारूची चूळ आठवून उस्तादांच्या डोळ्यांत पाणी आले.

निकड लक्षात घेऊन कार्यालयाने तातडीने, म्हणजे आठव्या दिवशी, पाच जणांची समिती नेमली. समितीने कार्यालयाच्या बेसिनवर ओळीने उभे राहून बिनफेसाच्या पेस्टने दात घासले. डॉक्टरांनी पाचही तोंडे तपासून स्वच्छ असल्याचे लिहून दिले. समितीचा अभिप्राय असा पडला: 'दात स्वच्छ आढळले, परंतु घासल्यासारखे वाटले नाही.' एका सदस्याने तर लगेच स्वतःच्या पेस्टने पुन्हा घासून घेतले. तो सदस्य मी.

पेस्ट निर्धोक आहे, फेसाची सोय केल्यास विक्रीस हरकत नाही, असा निर्णय झाला. कंपनीचा माणूस चलाख निघाला. गुरुवारी तीच ट्यूब नव्या चिठ्ठीसह हजर: 'नाजूक तोंडासाठी, आता भरपूर फेसासह.' फेसासाठी काय घातले, हे विचारायला रकाना नव्हता. रादमिलाबाईंनी पट्टी लावून चाळीस मिलिमीटर मोजले आणि शिक्का मारला.

"शिक्का आहे म्हटल्यावर काळजी नाही," उस्ताद म्हणाले आणि दोन ट्यूबा घेऊन गेले. घरी फेस पाहून बायकोही खूश झाली. रविवारपर्यंत फोड पाच झाले.

रविवारी नेवेना पांढऱ्या पोशाखात दारात उभी राहिली. सगळे आवार पहिल्या सुराची वाट पाहू लागले. उस्तादांनी ट्रम्पेट ओठाला लावले, अर्धा सूर निघाला आणि ओठातून रक्त आले. त्यांनी पुन्हा लावले, पुन्हा तेच. बँडवाल्यांनी वाजवायला घेतले, तर लेकीने हात वर करून थांबवले.

"राहू द्या बाबा," ती म्हणाली. डोक्यावरच्या जाळीदार वस्त्राच्या टोकाने तिने त्यांचा ओठ पुसला आणि सुराविना उंबरा ओलांडला. उस्ताद ट्रम्पेट पोटाशी धरून लहान मुलासारखे रडले. मला फार वाईट वाटले, हे प्रामाणिकपणे सांगतो.

सोमवारी तक्रार निकाली काढताना मी शेरा लिहिला: 'विवाह शांततेत पार पडला.'

तुम्हाला आमचा राग आला असेल. येऊ द्या. फक्त उद्या सकाळी बेसिनसमोर फेस थोडा कमी वाटला आणि हात आपोआप पुन्हा ट्यूबकडे गेला, तर आम्हाला कळवा. समितीत एक जागा रिकामी आहे.